मद्यार्क काढलेली एल चाखताना

बिअर उकळली की तिच्यातला मद्यार्क उडून जातो आणि खाली उरते तीच अल्कोहोलमुक्त बिअर, ही समजूत चांगल्या शिकल्यासवरल्या लोकांतही आढळते. ती दोन ठिकाणी चुकते. मद्यार्काचा, म्हणजे इथेनॉलचा, उत्कलनबिंदू ७८ अंश सेल्सिअस आणि पाण्याचा १०० अंश हे शाळेत शिकलेले खरेच आहे. परंतु दोन्ही द्रव एकमेकांत मिसळले की ते आपापल्या अंशाला वेगवेगळे उडत नाहीत. वाफेत दोन्ही असतात, इथेनॉलचे प्रमाण तेवढे जास्त असते. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार मद्य घालून अर्धा तास शिजवलेल्या पदार्थात मूळ मद्यार्काचा सुमारे ३५ टक्के भाग शिल्लक राहतो. दुसरी चूक याहून मोठी आहे. ज्या सुगंधासाठी बिअर प्यायची, तो सुगंध मद्यार्काच्या बरोबरीने, किंबहुना त्याच्याही आधी निघून जातो आणि भांड्यात शिजलेल्या धान्याचा कडवट काढा राहतो.

एल, म्हणजे उबेत आंबवलेली बिअर, हिच्या बाबतीत हे नुकसान विशेष जाणवते. एलचे यीस्ट साधारण १५ ते २४ अंशांच्या उबेत काम करते, तर लागर या दुसऱ्या प्रकारच्या बिअरचे यीस्ट त्याहून बऱ्याच थंडीत. उबेत आंबताना यीस्ट एस्टर नावाची संयुगे अधिक तयार करते आणि एलला येणारा फळांसारखा वास मुख्यतः त्यांचा असतो. केळ्याचा वास देणारे आयसोअमाइल ॲसिटेट हे त्यांतले सर्वांत ओळखीचे.

मद्यार्क टाळण्याचे मार्ग मोजकेच आहेत. एक तर तो मुळात होऊच द्यायचा नाही: आंबवण लवकर थांबवायची, किंवा ‘सॅकरोमायकोडीस लुडविगी’सारखे यीस्ट वापरायचे, जे ग्लुकोज आंबवते पण माल्टमधली, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातली, मुख्य साखर, माल्टोज, आंबवू शकत नाही. नाही तर पूर्ण आंबलेल्या बिअरवरचा हवेचा दाब कमी करून तिचे सुमारे ४० ते ५० अंशांवर ऊर्ध्वपातन करायचे. तिसरा मार्ग मला सर्वांत देखणा वाटतो. तो आहे रिव्हर्स ऑस्मोसिसचा. इंग्लंडमधील सफोक परगण्यात साउथवोल्ड येथे असलेल्या ॲडनम्स ब्रुअरीने ‘घोस्ट शिप’ या ४.५ टक्के मद्यार्काच्या लोकप्रिय पेल एलची (फिकट रंगाच्या एलची) ०.५ टक्क्यांची आवृत्ती २०१८ साली आणली, ती याच मार्गाने.

पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रामुळे ‘आरओ’ हे नाव सर्वांना ठाऊक असते, मात्र येथे त्याच तत्त्वाचा उपयोग थोडा वेगळा होतो. बिअर मोठ्या दाबाखाली एका अतिसूक्ष्म पडद्यावरून वाहवली जाते. पाण्याचा रेणूभार १८ आणि इथेनॉलचा ४६. हे दोन्ही लहान रेणू पडद्यातून पलीकडे जातात. साखरा, प्रथिने, रंगद्रव्ये आणि हॉप्सची (बिअरला कडवटपणा व सुगंध देणाऱ्या फुलांची) कडू आम्ले अलीकडेच राहतात. आयसोअमाइल ॲसिटेटचा रेणूभार १३०, त्यामुळे तेही बरेचसे अडते. जेवढे पाणी बाहेर गेले, तेवढेच प्राणवायू काढून घेतलेले पाणी अलीकडे सतत भरले जाते. थोडक्यात, बिअर थंड असतानाच ती आतून ‘धुतली’ जाते.

आता किती पाणी लागेल ते पाहू. पडदा मद्यार्काला मुळीच अडवत नाही असे क्षणभर धरू. १,००० लिटर बिअरमधून थोडे पाणी नेताच मद्यार्क थोडा घटतो. पुढच्या तेवढ्याच पाण्याने जो घटतो, तो उरलेल्याचा तेवढाच हिस्सा असतो. ज्या गणिताने किरणोत्सारी पदार्थाचा अर्धायुकाल निघतो, तेच हे घातांकी गणित. हिशेब केला तर सुमारे ७०० लिटर पाणी गेले की मद्यार्क निम्मा होतो. ४.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर यायचे म्हणजे प्रमाण ९ पटींनी कमी करायचे. ९ चा नैसर्गिक लॉगॅरिदम २.२, म्हणून २,२०० लिटर पाणी हवे. ०.०५ टक्क्यापर्यंत जायचे तर ९० पट, म्हणजे ४,५०० लिटर. प्रत्यक्षात पडदा मद्यार्कालाही काहीसा अडवतो, म्हणून पाणी याहून जास्तच लागते.

आता एखादा एस्टर घ्या, ज्याला पडदा ८० टक्के अडवतो असे समजू. त्याच्यासाठी घातांक पाचपटीने लहान होतो. २,२०० लिटर पाण्यानंतर तो ६४ टक्के उरतो आणि ४,५०० लिटरनंतर केवळ ४१ टक्के. शेवटचा ०.४५ टक्का मद्यार्क घालवण्यासाठी सुगंधाची एवढी किंमत द्यावी लागते. हे लक्षात घेतले की लेबलांवरील नियमांचा चवीशी असलेला संबंध स्पष्ट होतो. जर्मनीत ०.५ टक्क्यापर्यंतची बिअर अल्कोहोलमुक्त म्हणून विकता येते, तर ब्रिटनमधील सरकारी मार्गदर्शनाने हा शब्द बराच काळ ०.०५ टक्क्यापर्यंतच्या पेयांपुरता ठेवला. ब्रुअरीच्या दृष्टीने या दोन आकड्यांमधले अंतर दुप्पट पाण्याचे आहे.

हॉप्सचा सुगंध मात्र नंतर परत देता येतो. मद्यार्क काढून झाल्यावर थंड बिअरमध्ये पुन्हा हॉप्स मुरवले की लिंबू, संत्रे, पाइन यांचे वास ताजे होतात. यीस्टने घडवलेले वास असे बाहेरून सहजी आणता येत नाहीत. म्हणूनच हॉप्सवर भर असलेल्या पेल एलची अल्कोहोलमुक्त आवृत्ती पुष्कळदा चांगली साधते आणि माल्ट व यीस्ट यांवर उभ्या असलेल्या तपकिरी एलची क्वचितच साधते, असे माझे मत आहे.

हे मत तपासण्यासाठी मी एक लोकप्रिय पेल एल आणि तिची ०.५ टक्क्याची आवृत्ती त्रिकोण चाचणीने चाखली. ही पद्धत १९४० च्या दशकात कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीत घडली: तीन पेले, त्यांत दोन सारखे, वेगळा कोणता ते सांगायचे. नुसत्या अंदाजाने तीनात एकदा उत्तर बरोबर येतेच, म्हणून १२ फेऱ्यांत किमान ८ वेळा ओळखल्याशिवाय फरक कळला असे म्हणता येत नाही. पेल्यांचे तापमान सारखे, सुमारे १२ अंश, ठेवले आणि रंगावरून सुगावा लागू नये म्हणून ते झाकले. केवळ वास घेऊन मला ६ वेळाच ओळखता आले, म्हणजे नाकाला फरक सिद्ध करता आला नाही. घोट गिळल्यावर मात्र ११ वेळा ओळखता आले.

गिळण्यानंतर एवढे काय बदलते? तोंडात आणि घशात टीआरपीव्ही१ नावाचे संवेदी प्रथिन असते, जे साधारण ४२ अंशांच्या वर तापले की ‘भाजते आहे’ असा संदेश देते. मिरचीतले कॅप्सेसिन तेच प्रथिन चेतवते. इथेनॉल त्याचा उंबरठा सुमारे ३४ अंशांवर खाली आणते आणि मग शरीराची स्वतःची ऊबच त्याला पुरेशी ठरते. बिअरमधल्या सौम्य प्रमाणातही घशाला जाणवणारी मंद ऊब मला याचीच फिकट छटा वाटते. ती नसल्यामुळे घोट मध्येच तुटल्यासारखा वाटला, आणि कडवटपणा तेवढाच असूनही अधिक उघडा जाणवला. कारण मद्यार्काला स्वतःचा किंचित गोडवाही असतो.

चाखणाऱ्याला पद्धतही ओळखता येते. आंबवण अर्धवट राहिली असेल तर माल्टमधली अल्डिहाइड संयुगे शिल्लक राहतात. मेथिओनॅलचा वास उकडलेल्या बटाट्यासारखा येतो. पूर्ण आंबवणीत यीस्ट त्यांचे अल्कोहोलांत रूपांतर करून हा वास घालवते. माझ्या पेल्यात तो जवळजवळ नव्हता, यावरून बिअर आधी पूर्ण आंबली होती असे मानायला जागा आहे.

अशा बिअरला आरोग्यपेय म्हणण्याची जी जाहिरातबाजी चालते, तिला मात्र माझा विरोध आहे. एक ग्रॅम मद्यार्क सुमारे ७ कॅलरी देतो, त्यामुळे ४.५ वरून ०.५ टक्क्यावर येताना अर्ध्या लिटरमागे सुमारे ११० कॅलरी वाचतात, हे खरे. पण माल्टोज तसाच राहू दिलेल्या बिअरमध्ये साखर उरते, आणि ०.५ टक्का म्हणजे शून्य नव्हे. औषध म्हणून तिचा प्रचार करण्यास आधार नाही.

अर्धा पेला संपेपर्यंत बिअर खोलीच्या तापमानाकडे सरकली. मद्यार्क असताना तेलाशी जवळीक असणारे सुगंधी रेणू द्रवात थोडे अधिक टिकून राहतात. तो आधार नसलेल्या पेल्यात सुरुवातीला संत्र्याचा जोरदार वास होता, तो वीस मिनिटांत ओसरला आणि मागे पावासारखा माल्टचा वास राहिला. मूळ एलमध्ये तोवर केळे आणि नाशपाती नुकतेच कुठे जाणवू लागले होते.