एगेस्कोव्ह: तळ्यात रोवलेला विटांचा किल्ला

डेन्मार्कच्या फ्युन बेटावर एगेस्कोव्ह नावाचा लाल विटांचा किल्ला भर तळ्यात उभा आहे. फ्रान्स ब्रोकेनहूस या सरदाराने तो १५५४ मध्ये पुरा केला. पाण्यात बांधायचा खटाटोप कशासाठी, तर १५३४ ते १५३६ च्या यादवीत चिडलेल्या शेतकऱ्यांनी सरदारांचे वाडे जाळले होते. त्या झळा विसरायला वीस वर्षं पुरत नाहीत.

बांधणी मोठी धूर्त आहे. बाहेरून एकसंध दिसणारी इमारत म्हणजे प्रत्यक्षात शेजारी-शेजारी उभी दोन लांबट घरं. मधली भिंत दुहेरी, मीटरभराहून जाड, आणि तिच्या पोटात चोरजिना नि विहीर. शत्रू एका घरात शिरलाच, तर दुसऱ्यात सरकून लढत राहायचं. शिवाय जंग्या, म्हणजे आतून गोळ्या झाडायच्या भिंतीतल्या फटी आहेत, खाली मारा करायला भिंतीबाहेर काढलेली छिद्रं आहेत. मोठ्या तोफांपुढे मात्र या भिंती टिकल्या नसत्या. खुद्द ब्रोकेनहूस पुढे १५६९ मध्ये आजच्या स्वीडनमधल्या वारबर्ग किल्ल्याच्या वेढ्यात मारला गेला.

वीटच का? बोर्नहोम बेट सोडलं तर डेन्मार्कमध्ये बांधकामाजोगा खडक जवळजवळ नाही. हिमयुगातल्या हिमनद्यांनी चिकणमाती मात्र भरपूर आणून टाकली. त्या मातीतलं लोह भट्टीत ऑक्सिजनशी संयोग पावतं आणि वीट लाल होते. चुना जास्त असला तर पिवळट. भाजणीत कुचराई झाली की वीट पाणी पिते. ते हिवाळ्यात गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि विटेचे पापुद्रे सुटू लागतात.

या सगळ्याचा भार तळ्याच्या मऊ तळात ठोकलेल्या ओकच्या सोटांवर आहे. पाण्यात लाकूड कुजायचं ते साडेचारशे वर्षं टिकलं कसं? लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल लागते तशी हवाही लागते. पूर्ण बुडालेल्या लाकडाला ऑक्सिजन जवळजवळ मिळत नाही, म्हणून बुरशीचं काही चालत नाही. काही जिवाणू कुरतडतात, पण फार संथपणे.

मनोऱ्याच्या छपराखाली एक लाकडी बाहुला ठेवलेला आहे. तो हलवला तर किल्ला बुडेल, अशी तिथली आख्यायिका. अभियंत्याला विचाराल तर बाहुल्यापेक्षा तळ्याच्या पातळीवर नजर ठेवा, असं तो सांगेल. पाणी उतरून सोटांची टोकं उघडी पडली, की बुरशीला हवी ती हवा मिळते आणि पाया वरून कुजायला लागतो.