हनुवटीवरचं बोट: डिस्टोनियाच्या उपचारांची पार्श्वभूमी

डिस्टोनिया या आजारात स्नायू आपोआप आखडतात; अनेकांची मान एका बाजूला ओढली जाते. जोर लावून ती सरळ होत नाही, पण हनुवटीला नुसतं बोट टेकवलं की बऱ्याच जणांची मान घटकाभर जागेवर येते. ही युक्ती रुग्णांना कुणी शिकवत नाही, त्यांची त्यांनाच सापडते. आणि हीच त्यांना भोवली. एवढ्याशा स्पर्शाने थांबतो म्हणजे आजार मनाचा, असं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये ब्रिसो या डॉक्टरांनी मांडलं.

'डिस्टोनिया' हा शब्द १९११ मध्ये बर्लिनचे मेंदूविकारतज्ज्ञ हर्मान ओपेनहाइम यांनी दिला. दोष मज्जासंस्थेत आहे, असंही त्यांचं म्हणणं होतं. तरी लिहिताना आखडणारा हात, घट्ट मिटणाऱ्या पापण्या हे सगळं दीर्घकाळ मनोविकारांच्याच खात्यात राहिलं. लंडनच्या डेव्हिड मार्सडेन यांनी १९७० च्या दशकात ही लक्षणं एकाच मेंदूविकाराची रूपं असल्याचं ठासून सांगितलं, तेव्हा कुठे चित्र पालटू लागलं.

त्याच दशकात जपानच्या मासाया सेगावा यांनी वेगळीच मुलं पाहिली: सकाळी बरी चालणारी, संध्याकाळपर्यंत पाय वाकडा पडणारी. लेव्होडोपा या मेंदूतलं डोपामिन वाढवणाऱ्या औषधाच्या अगदी छोट्या मात्रेने ती सुधारली. अशा काही मुलांवर सेरेब्रल पाल्सीचा (लहानपणीच मेंदूला इजा होऊन येणाऱ्या अपंगत्वाचा) शिक्का बसलेला असे. लहानपणी सुरू झालेल्या डिस्टोनियात आजही हे औषध आधी देऊन पाहतात, ते यामुळेच. ट्रायहेक्सिफेनिडिल या दुसऱ्या औषधाचे मोठे डोस मुलांना बऱ्यापैकी सोसतात. मोठ्यांचं तोंड कोरडं पडतं, विसरायला होतं.

आखडलेल्या स्नायूत टोचून तो सैल करणाऱ्या बोट्युलिनम या विषाची गोष्ट मात्र खराब सॉसेजपासून सुरू होते. त्यातून होणाऱ्या विषबाधेचं बारकाईने वर्णन जर्मनीच्या युस्टिनुस केर्नर यांनी १८२० च्या आसपास केलं, आणि हे विष औषध म्हणून वापरता येईल अशी कल्पनाही तेव्हाच मांडली! प्रत्यक्षात सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट यांनी तिरळेपणासाठी ते वापरलं. त्यांचा निबंध १९८० चा. अमेरिकेत १९८९ मध्ये तिरळेपणा व पापण्यांच्या आचक्यांसाठी आणि २००० मध्ये मानेच्या डिस्टोनियासाठी मान्यता मिळाली. बिघाड मेंदूत आणि सुई स्नायूत, त्यामुळे साधारण तीन महिन्यांनी पुन्हा टोचून घ्यावं लागतं.

मेंदूचा छोटा भाग जाळण्याच्या शस्त्रक्रिया पूर्वी होत. त्यांची जागा पुढे मेंदूत खोलवर बसवलेल्या, सौम्य वीज देणाऱ्या इलेक्ट्रोडने घेतली. अमेरिकेत डिस्टोनियासाठी त्याला २००३ मध्ये मर्यादित परवानगी मिळाली. कंपवातातला थरकाप यंत्र चालू करताच थांबू शकतो. डिस्टोनियात पिळलेलं अंग सैल व्हायला मात्र अनेकदा आठवडे, कधी महिने जातात.