आरटीएल विमानाला घरी आणतं, उतरवत नाही

क्वाडकॉप्टर उडवून मॉडेल विमानाकडे वळलेली मंडळी एक समजूत सोबत घेऊन येतात: आरटीएल (रिटर्न टू लाँच, म्हणजे उडालेल्या जागी आपोआप परत येण्याचा मोड) लावलं की यंत्र घरी येतं आणि उतरतं. क्वाडच्या बाबतीत ते खरं आहे, तुम्हाला पाठही आहे, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही. आर्डुपायलट या ऑटोपायलट सॉफ्टवेअरवर उडणारं विमान मात्र मूळ सेटिंगला आरटीएलमध्ये होमवर (उडालेल्या जागेवर) येऊन १०० मीटर उंचीवर घिरट्या घालत राहतं. तुम्ही ताबा घ्याल या हिशेबाने. रिमोटचा सिग्नल तुटला म्हणूनच ते परत आलं असेल, तर ताबा घेणार कोण? बॅटरी संपेपर्यंत ते फिरतं आणि मग वारा नेईल तिथे पडतं.

 

घोळ होतो तो पुढच्या गोष्टीवर. परत यायला एक बिंदू पुरतो आणि तो आर्म करताना (उडण्याआधी मोटर चालू होऊ देताना) जीपीएसवरून आपोआप नोंदला जातो. क्वाड त्याच बिंदूवर उभ्याउभ्या खाली येऊ शकतो, विमान हवेत थांबू शकत नाही. त्याला उतरायला रेषा लागते: कुठल्या दिशेने यायचं, किती लांबून खाली यायला लागायचं, वाटेत काय उभं आहे. ही रेषा तुम्हीच मिशनमध्ये, म्हणजे ऑटोपायलटला आधी भरून दिलेल्या मार्गात, आखून द्यायची असते. सुरुवातीला ‘डू लँड स्टार्ट’ची खूण, मग उताराचा वेपॉइंट (मार्गावरचा ठरवलेला बिंदू), शेवटी ‘लँड’.

उतार साधारण १० टक्के ठेवतात, म्हणजे ३०० मीटर लांबून ३० मीटर उंची. आता त्या रेषेवर चालत जाऊन बघा. टेकण्याच्या जागेपासून १०० मीटरवर विमान जेमतेम १० मीटर उंच असणार. तिथे १२ मीटरचं आंब्याचं झाड असेल, तर विमान सरळ त्या आंब्यात. ऑटोपायलटला झाड दिसत नाही. नकाशावर बोट ठेवून वेपॉइंट टाकणाऱ्यांनी एकदा तरी माळावर पायी जाऊन यावं, एवढा माझा आग्रह आहे.

वाऱ्याचंही तेच. सकाळी आखलेली रेषा दुपारी वारा फिरल्यावर पाठवाऱ्याची होते आणि विमान भरधाव येऊन टेकतं. दोन टोकांना दोन रेषा आखून ठेवल्या, तरी ऑटोपायलट जवळची निवडतो, वाऱ्यासमोरची नाही.

रेषा आखली की ‘आरटीएल ऑटोलँड’ हे सेटिंग चालू करा. १ ठेवलं तर आधी होमवर येऊन मग उतरतं, २ ठेवलं तर थेट उतरायच्या रेषेवर जातं. मी १ च ठेवतो, कारण विमान आधी डोळ्यांसमोर येतं. मिशनमध्ये रेषा आहे पण सेटिंग बंद आहे, असं असलं तर आर्डुपायलटच्या नव्या आवृत्त्या विमान आर्मच होऊ देत नाहीत. तेव्हा ती तपासणीच बंद करून उडवणारे लोक पाहिले की मला मनापासून राग येतो. ती तपासणी नेमका हाच घोळ पकडण्यासाठी आहे.

उरलं शेवटचं टेकणं. मूळ सेटिंगला ३ मीटर उंची किंवा टेकायला २ सेकंद, यातलं जे आधी येईल तिथे मोटर बंद होऊन विमान नाक उचलतं. पण ही उंची बॅरोमीटरची असते. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने बदलला की उंचीत सुमारे ८ मीटरची चूक पडते. आपल्याकडे सकाळी दहाच्या सुमारापासून दुपारी चारपर्यंत दाब रोजच उतरत जातो. दाब उतरला की ऑटोपायलटला विमान आहे त्याहून उंच वाटतं. पाव हेक्टोपास्कल उतरला तरी २ मीटरचा फरक, म्हणजे ३ मीटरवर उचलायचं नाक १ मीटरवर उचललं जाणार. म्हणून पोटाखाली खाली बघणारा लायडार (प्रकाशाने जमिनीपर्यंतचं अंतर मोजणारा सेन्सर) लावा आणि लँडिंगसाठी त्याचा वापर सेटिंगमध्ये चालू करा. नुसता बसवून तो काही करत नाही.

लायडार नसेल तर आर्म करून माळावर गप्पा मारत बसू नका. आर्म करताना उंचीचा शून्य नव्याने धरला जातो, त्यामुळे आर्म करून लगेच उडवा. आणि उतरताना अंगठा मोडच्या स्विचवर ठेवा. रेषा चुकतेय असं वाटलं, की एफबीडब्ल्यूए (विमान सावरून धरत ताबा तुमच्या हाती देणारा मोड) लावून थ्रॉटल द्यायचा आणि फेरी मारून पुन्हा यायचं.