काशाचा नाद, ब्राँझची झाक

तांब्यात कथील मिसळून केलेल्या धातूला सोलापुरात मराठी घरात कासे म्हणतात. शेजारच्या कन्नड आणि तेलुगू घरांत मात्र एकच शब्द चालतो, कंचु. ज्याचा आवाज खणखणीत, त्याचा 'गळा काशाचा' असे दोन्ही भाषांत म्हणायची पद्धत आहे. मराठीत असा वक्ता सभेला उभा राहिला की आपण त्याला मुलुखमैदान तोफ म्हणतो. ती तोफही मुळात काशाचीच.

सोलापूरहून शंभर किलोमीटरवर, विजापूरच्या बुरुजावर ती आजही आहे. 1549 मध्ये अहमदनगरला मुहम्मद बिन हुसेन रूमी याने ती ओतली. नंतर ती परांड्याच्या किल्ल्यात होती आणि 1632 मध्ये तिथून विजापूरला गेली. वजन सुमारे 55 टन. तिच्या धातूत तांबे साधारण 80 भाग आणि कथील 20 भाग आहे. हे प्रमाण तोफेपेक्षा घंटेला शोभणारे, म्हणूनच तिच्यावर थाप मारली तर घंटेसारखा नाद येतो असे सांगतात.

सगळी मेख या कथलात आहे. तांब्यात दहा टक्क्यांच्या आसपास कथील असेल, तर पुतळे ओतायला सोयीचा, चिवट धातू मिळतो. कथील वीस-बावीस टक्क्यांवर गेले की धातू कडक आणि ठिसूळ होतो, पण वाजू लागतो. असे कासे थंड असताना ठोकले तर तडकते. लालबुंद तापवून ठोकायचे, पाण्यात बुडवायचे, पुन्हा तापवायचे, असा तो उद्योग. पंढरपूरच्या बाजारात टाळ घेणारा वारकरी आधी जोडी वाजवून बघतो, मग भाव विचारतो, ते याचसाठी. पितळेत कथलाऐवजी जस्त असते. रंगाने फसायला होते, पण कान फसत नाही.

'कासार' हा शब्दही 'कांस्यकार'वरूनच आला. पुढे कासार म्हटले की बांगड्याच डोळ्यांपुढे येऊ लागल्या आणि नावातला धातू मागे पडला. ('कास धरणे'मधली कास मात्र कमरेची, तिचा इथे संबंध नाही.)

घरात कासे टिकून राहिले ते वाटीच्या रूपाने. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे गेला की रात्री तळपायांना तूप लावून काशाच्या वाटीने चोळायचे. तळवे काळे झाले की आजी म्हणायची, "बघ, उष्णता निघाली." आता हेच काम करणारी थाळीची यंत्रेही निघाली आहेत. तो काळेपणा खरे तर धातू आणि तुपाचा घासून झालेला मेळ आहे, अंगातली उष्णता नव्हे. तळवे गार वाटतात आणि झोप छान लागते, एवढे मात्र मला पटते.

'ब्राँझ' हा शब्द इंग्रजीतून आला आणि त्याने वेगळीच घरे धरली. 1957 चा एक नया पैसा ब्राँझचा होता. 1952 मध्ये खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत ब्राँझपदक आणले. वर्तमानपत्रे त्याला कांस्यपदकही म्हणतात, पण कोणी 'काशाचे पदक' म्हणत नाही. संस्कृत शब्दाला मान मिळाला, घरातला शब्द वाटीपुरताच उरला. इतिहासातही तसेच. दायमाबाद या प्राचीन वस्तीच्या जागी 1974 मध्ये एका शेतकऱ्याला बैलरथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी चार भरीव ओतीव शिल्पे सापडली, एकूण साठ किलोंहून जास्त वजनाची. त्यांना सगळे 'दायमाबाद ब्राँझ' म्हणतात. त्यांच्या धातूवरून आणि काळावरून मात्र अभ्यासकांत वाद आहे.

'ब्राँझिंग'मध्ये तर धातू जवळजवळ नसतोच, असते ती झाक. प्लास्टरच्या किंवा फायबरच्या पुतळ्यावर मारायची 'ब्राँझ पावडर' बहुतेक वेळा तांबे आणि जस्ताची, म्हणजे चक्क पितळेची असते. वाजवून बघाल तर ठप्प. सौंदर्यप्रसाधनांतला ब्राँझर गोऱ्या कातडीला उन्हाळी तांबूसपणा देतो. आपल्याकडे त्यालाच 'उन्हाने रापणे' म्हणतात आणि ते टळावे म्हणून मुली दुपारी डोळ्यांपर्यंत स्कार्फ गुंडाळून स्कूटी चालवतात.

1877 मध्ये 'जुनी मिल' ही कापडगिरणी सुरू झालेल्या सोलापूरला ब्राँझिंगचा तिसरा अर्थ सगळ्यात जवळचा. रंगकामात तो दोष आहे. सल्फर ब्लॅक किंवा नीळ यांसारख्या गडद रंगात कापड गरजेपेक्षा जास्त रंग पिते, किंवा रंगाच्या पाण्यातून लवकर वर येऊन त्याला हवा लागते, किंवा धुलाई कमी पडते. मग रंग धाग्यात न मुरता वरच बसतो आणि काळ्यावर तांबूस, धातूसारखी चमक येते. दुकानातल्या दिव्याखाली ती देखणी दिसते. घेण्याआधी ओला पांढरा रुमाल त्या कापडावर घासून बघावा. वरचा रंग असेल तर रुमालावर उतरतो.