लिटल रॉक सेंट्रल हायस्कूल

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील आर्कन्सॉ राज्याची राजधानी लिटल रॉक येथील, सार्वजनिक निधीतून चालणारी, नववी ते बारावीचे वर्ग असलेली शाळा. १९५७ साली नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या प्रवेशावरून झालेल्या संघर्षामुळे ती जगभर ओळखली जाते. लष्करी बंदोबस्तात दार उघडल्यानंतर वर्षभर वर्गांत, जिन्यांवर आणि जेवणघरात जे घडले, त्याची चर्चा त्या मानाने कमी होते. वास्तविक समतेची खरी कसोटी तिथेच लागली.

शाळेची भव्य इमारत १९२७ मध्ये सुमारे १५ लाख डॉलर खर्चून उभी राहिली. प्रवेशद्वारावर महत्त्वाकांक्षा, व्यक्तिमत्त्व, संधी आणि पूर्वतयारी यांची प्रतीके असलेल्या चार मूर्ती आहेत. ही संधी त्या काळी फक्त गोऱ्या मुलांची होती. कृष्णवर्णीय मुलांसाठी १९२९ मध्ये डनबार हायस्कूल निघाले, तेही बऱ्याच कमी खर्चात.

सार्वजनिक शाळांतील वर्णाधारित विलगीकरण घटनाबाह्य असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये दिला. त्यानुसार ४ सप्टेंबर १९५७ रोजी नऊ विद्यार्थी शाळेत निघाले, तेव्हा राज्याचे गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनी तैनात केलेल्या नॅशनल गार्ड या राज्याच्या राखीव सैन्यदलाच्या जवानांनी त्यांना अडवले. नवांपैकी एलिझाबेथ एकफर्डच्या घरी दूरध्वनी नव्हता, त्यामुळे सर्वांनी एकत्र जाण्याचा बदललेला बेत तिला कळलाच नाही आणि संतप्त जमावातून ती एकटीच चालत गेली. अखेर राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १०१व्या हवाई छत्री दलाचे सैनिक पाठवले आणि २५ सप्टेंबरला नऊही जण त्यांच्या संरक्षणात शाळेत गेले.

सुमारे १,९०० गोऱ्या विद्यार्थ्यांत हे नऊ जण होते. प्रत्येकामागे एक सैनिक असे. पण तो वर्गाबाहेर थांबे, आणि स्वच्छतागृहात किंवा कपडे बदलण्याच्या खोलीत त्याला जाता येत नसे. ढकलणे, थुंकणे, शिवीगाळ हे रोजचेच झाले. खेळ, वाद्यवृंद, मंडळे यांत भाग घेण्यास या मुलांना मनाई होती, म्हणजे अमेरिकन हायस्कूलचे जीवन ज्याला म्हणतात त्यातील निम्म्याहून अधिक भाग त्यांना बंदच होता. त्यांना साथ देऊ पाहणारे काही गोरे विद्यार्थीही होते. त्यांनाही धमक्या सोसाव्या लागल्या. डिसेंबरमध्ये जेवणघरात सतत वाट अडवली गेल्यावर मिनीजीन ब्राउनच्या हातातील चिली हा रस्सा दोन मुलांच्या अंगावर सांडला आणि तिला निलंबित केले गेले. फेब्रुवारी १९५८ मध्ये दुसऱ्या एका प्रसंगानंतर तिला शाळेतून काढण्यात आले. बाकीचे आठ जण टिकले. त्यांच्यातील एकटा अर्नेस्ट ग्रीन शेवटच्या वर्गात होता. मे १९५८ मध्ये तो या शाळेतून उत्तीर्ण होणारा पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी ठरला. त्याच्या प्रमाणपत्र-प्रदान समारंभाला नागरी हक्क चळवळीचे नेते मार्टिन ल्यूथर किंग हजर होते.

सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९५८ मध्ये एकत्रीकरण, म्हणजे गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांचे एकत्र शिक्षण, लांबणीवर टाकण्यास नकार देताच फॉबस यांनी शहरातील चारही सार्वजनिक हायस्कुले बंद केली. ‘हरवलेले वर्ष’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या काळात साडेतीन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची शाळा सुटली. गोऱ्या मुलांपैकी पुष्कळांना खासगी शाळांचा किंवा परगावच्या नातेवाइकांचा आसरा मिळाला, कृष्णवर्णीयांसाठी तसे पर्याय फारच थोडे होते. वर्ग बंद असूनही फुटबॉलचे सामने मात्र सुरू ठेवण्यात आले, एवढ्यावरून शाळा कशासाठी असते याचे भान किती सुटले होते ते दिसते.

ऑगस्ट १९५९ मध्ये शाळा पुन्हा उघडली. नवांपैकी जेफरसन थॉमस आणि कार्लोटा वॉल्स परत आले आणि १९६० मध्ये येथूनच उत्तीर्ण झाले. १९९८ मध्ये शाळेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला, पण तिचे संग्रहालय झाले नाही. इतिहास पाहायला आलेले लोक बाहेरून इमारत न्याहाळत असतात, तेव्हा आत तास चालू असतात. आजचे विद्यार्थी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मुलाखती घेऊन वर्णभेदाच्या आणि नागरी हक्कांच्या आठवणी टिपून ठेवतात.