कमी दिवसांचं बाळ मोठं होतं, फुफ्फुसांचं काय?

कमी दिवसांचं बाळ काचेच्या पेटीतून बाहेर आलं, अंग धरू लागलं, की घरच्यांच्या लेखी तो विषय संपतो. फुफ्फुसांच्या लेखी संपत नाही. वायुकोश, म्हणजे फुफ्फुसांतल्या हवेच्या इवल्या पिशव्या, मिटू न देणारं सर्फॅक्टंट हे द्रव्य गर्भात साधारण २४व्या आठवड्यापासून तयार होऊ लागतं आणि पुरेसं व्हायला ३४-३५ आठवडे उजाडतात. खरेखुरे वायुकोश तर त्याच सुमारास आकार घेऊ लागतात आणि जन्मानंतरही काही वर्षं वाढत राहतात. २८व्या आठवड्यात जन्मलेलं बाळ हे अर्धवट बांधकाम घेऊन श्वास घेतं. त्यात व्हेंटिलेटरचा दाब आणि जादा ऑक्सिजनचा मारा. यातून होणाऱ्या ब्रॉंकोपल्मनरी डिस्प्लेसिया या आजाराचं पहिलं वर्णन १९६७ सालचं. पण हा आजार न झालेल्या मुलांमध्येही पुढे फुफ्फुसांची ताकद कमी आढळू शकते.

ती मोजतात स्पायरोमेट्रीने. नाकाला चिमटा, तोंडात नळी, छाती भरून श्वास आणि मग ‘फुंक, फुंक, अजून फुंक’ असा तंत्रज्ञाचा धोशा. पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर पडली, हा आकडा महत्त्वाचा. निरोगी माणसात तो विशीच्या सुरुवातीला शिखर गाठतो आणि पुढे हळूहळू उतरतो. ज्याचं शिखरच ठेंगणं, त्याच्याकडे उतारासाठी शिल्लक कमी. सिगारेट ओढणाऱ्याची तर त्याहून कमी.

धाप लागली, छातीत सूंसूं वाजलं, की अशा मुलावर दम्याचा शिक्का बसतो. नेहमीच्या ॲलर्जीच्या दम्यात असणारी सूज यांच्यात बहुधा नसते. त्यामुळे दम्याचा पंप इथे चालेल, हे गृहीत धरता येत नाही. कार्डिफ विद्यापीठातल्या संशोधकांनी ते पडताळून पाहिलं. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेली, पहिल्या सेकंदातल्या हवेचा तो आकडा अपेक्षेच्या ८५ टक्के किंवा त्याहून कमी असलेली ७ ते १२ वर्षांची ५३ मुलं. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट. १२ आठवडे पंप. एका गटाला फक्त स्टेरॉइड, दुसऱ्याला स्टेरॉइडसोबत श्वासनलिका दीर्घकाळ मोकळ्या ठेवणारं सॅल्मेटेरॉल, तिसऱ्याला औषधाविना पंप. २०२२ साली निष्कर्ष आले: जोड औषधाच्या गटाचा आकडा औषधाविना गटापेक्षा सुमारे १४ टक्के-अंकांनी वर गेला. नुसत्या स्टेरॉइडनेही काही वाढ दिसली, पण ती योगायोगाची नाही असं म्हणण्याइतकी ठोस नव्हती.

माझ्या मते यातून डॉक्टरांच्या प्रश्नांत एकाची भर पडायला हवी: जन्म कितव्या आठवड्यातला? मोठ्या माणसालाही हे विचारावं. आणि कुणी विचारलं नाही, तर आपण होऊन सांगावं. पंप मात्र तपासणीनंतर, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. कारण चाचणी लहान होती, तीन महिन्यांची होती, आणि फुंकण्याचा आकडा सुधारला तरी मुलांची व्यायामाची क्षमता तेवढ्यात वाढली नव्हती.