जपानी तलवार घेताय? आधी तिचा कागद वाचा

टोकियोतल्या आमच्या घरी कुणी मराठी पाहुणे आले, की कोपऱ्यातल्या लांबट लाकडी पेटीकडे बघून ठरलेला प्रश्न येतो: "हिचं लायसन्स तुमच्या नावावर आहे का हो?" माझ्या नावावर कसलंच लायसन्स नाही. जपानमध्ये जुन्या तलवारीसाठी माणसाला परवाना देत नाहीत, तलवारीची नोंदणी करतात. या नोंदणीच्या कागदाला 'तोरोकुशो' म्हणतात. त्यावर मालकाचं नावसुद्धा नसतं. तलवार विकली, वारशात गेली, पॉलिशला दिली, तरी कागद तिच्याबरोबर जातो. पुढचे सगळे अर्ज आणि मुदती या एका गोष्टीवर उभ्या आहेत, म्हणून ती आधी सांगितली.

कोणतं पातं नोंदवता येतं

बंदुका आणि तलवारी बाळगण्यावर बंधन घालणारा जपानी कायदा १९५८चा. त्यानुसार १५ सेंटिमीटर किंवा त्याहून लांब पात्याची तलवार, भाला किंवा नागिनाता (लांब दांड्यावर बाकदार पातं बसवलेलं शस्त्र) बाळगायला मनाई आहे. सूट मिळते ती कलावस्तू म्हणून मोल असलेल्या, पारंपरिक पद्धतीने घडवलेल्या जपानी पात्याला, आणि तीही नोंदणी झाली तरच. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यातून निघालेल्या लष्करी तलवारी यात बसत नाहीत. मात्र लष्करी म्यानात एखादं जुनं, हाताने घडवलेलं पातं निघालं तर ते बसतं, कारण परीक्षा फक्त पात्याची होते, म्यानाची नाही.

इथे मराठी घरांसाठी एक सूचना. आजोबांची धोप किंवा पट्टा जपानला आणून घरात लावायचा विचार असेल तर तो सोडून द्या. ही नोंदणी जपानी पात्यांसाठी आहे. आपली तलवार कितीही जुनी आणि घराण्याची असली, तरी तिला तोरोकुशो मिळणार नाही.

ही पद्धत आली ती युद्धातल्या पराभवातून. १९४५ साली ताबा घेतलेल्या सैन्याने देशभरातल्या तलवारी जमा करायला लावल्या. कित्येक नष्ट झाल्या, कित्येक परदेशी गेल्या, आणि टोकियोच्या आकाबाने भागात एका डेपोत त्यांचे ढीग लागले. होन्मा जुन्जी यांच्यासारख्या जाणकारांनी अमेरिकी अधिकाऱ्यांना पटवून दिलं, की यातली कित्येक पाती कलाकृती आहेत. त्यातून काही वाचली, १९४८ साली जपानी कला-तलवार जतन संस्था स्थापन झाली, आणि १९५१पासून नोंदणीची कार्डं, म्हणजे हेच तोरोकुशो, मिळू लागली. म्हणून १९५१चं कार्ड हातात आलं की संग्राहक जरा थांबून बघतात. मोठ्या घराण्यांच्या संग्रहांची नोंद त्या पहिल्या फेरीत झाली होती. पण निव्वळ जुन्या कार्डासाठी जास्त पैसे मोजू नका.

कार्डावर काय असतं, आणि काय नसतं

कार्डावर नोंदणी क्रमांक, तारीख आणि कार्ड देणाऱ्या प्रीफेक्चरच्या (जपानमधल्या प्रांताच्या) शिक्षण मंडळाचं नाव असतं. तलवारींचा विषय शिक्षण मंडळाकडे कसा, असं वाटेल. ही मंडळं सांस्कृतिक वारसाही सांभाळतात, म्हणून. त्याखाली पात्याचा प्रकार, लांबी, बाक, मुठीच्या खुंटीसाठी पाडलेल्या भोकांची संख्या आणि घडवणाऱ्याची सही असल्यास दोन्ही बाजूंची अक्षरं. सही नसेल तर 'मुमेई' लिहिलेलं असतं.

लांबी मोजतात ती टोकापासून पाठीकडच्या खाचेपर्यंत, सरळ रेषेत. ३०.३ सेंटिमीटर म्हणजे एक शाकु. एक शाकुपर्यंत तांतो, एक ते दोन शाकु वाकिझाशी, आणि दोन शाकुंच्या (६०.६ सेंटिमीटर) पुढे काताना. पैसे देण्याआधी दुकानदाराला मूठ उतरवायला सांगा आणि कार्डावरचा एकेक आकडा पात्याशी ताडून बघा. चांगला दुकानदार यावर रागावत नाही. भोकं कार्डावर दोन आणि पात्यात तीन निघाली, तर ते कार्ड या तलवारीचं नसू शकतं. मग मंडळाकडे प्रत्यक्ष तपासणी करून घ्यावी लागते. ती विकणाऱ्याने करून द्यावी, नाहीतर व्यवहार सोडावा.

तोरोकुशो हे अस्सलपणाचं प्रमाणपत्र नाही. पात्यावर 'मासामुने' या विख्यात कारागिराचं नाव कोरलेलं असेल तर कार्डावरही 'मासामुने' येतं, सही खोटी असली तरी. पारख वेगळी करून घ्यायची असते. वर उल्लेख केलेली जतन संस्था ती करते, आणि तिच्या चार पायऱ्या आहेत: होझोन, तोकुबेत्सु होझोन, जुयो आणि तोकुबेत्सु जुयो.

विकत घेतल्यावर २० दिवस

पात्रता सोपी आहे. राष्ट्रीयत्वाची अट नाही. जपानमध्ये पत्ता असलेला भारतीय माणूस नोंदलेली तलवार विकत घेऊन घरी ठेवू शकतो. तोरोकुशो मूळ प्रतीतच ताब्यात घ्या, झेरॉक्सवर काम भागत नाही. कार्डाशिवाय तलवार देणं-घेणं कायद्यात बसत नाही.

त्यानंतर २० दिवसांच्या आत मालक बदलल्याची सूचना द्यावी लागते. अर्जात कार्डावरचा सगळा तपशील, तुमचं नाव-पत्ता, आधीच्या मालकाचं नाव आणि तलवार हातात आल्याची तारीख भरायची. फी नाही. हा अर्ज जातो कार्ड देणाऱ्या प्रीफेक्चरच्या मंडळाकडे. तुम्ही कुठे राहता याच्याशी त्याचा संबंध नाही. पहिल्या वाकिझाशीच्या वेळी मी अर्ज टोकियोला पाठवला, कारण मी टोकियोत राहतो. कार्ड होतं दुसऱ्याच प्रीफेक्चरचं. अर्ज परत आला तोवर मुदतीचे जेमतेम तीन दिवस उरले होते, आणि ते तीन दिवस मला अजून आठवतात. पाकिटावर पत्ता घालण्याआधी कार्डावरचं मंडळाचं नाव मोठ्याने वाचा.

तलवार घराबाहेर न्यायची तर कार्ड बरोबर हवं आणि सयुक्तिक कारणही हवं: पॉलिश, पारख, अभ्यासवर्ग, विक्री. पातं म्यानात, म्यान कापडी पिशवीत, पिशवी बांधलेली. मित्रांना दाखवायला बागेत नेणं हे कारण होत नाही.

कार्डच नसेल तर

जपानी सासरी जुनं घर रिकामं करताना माळ्यावर तलवार सापडली, असं इथे लग्न करून स्थायिक झालेल्यांच्या बाबतीत घडू शकतं. ती गाडीत घालून थेट निघू नका. आधी जवळच्या पोलीस ठाण्याला फोन करा आणि ते सांगतील तसं घेऊन जा. पोलीस सापडल्याची नोंद करतात आणि त्याचा दाखला देतात. तो दाखला आणि तलवार घेऊन शिक्षण मंडळाच्या तपासणीच्या दिवशी जायचं. तारखा आधी विचारून घ्या. परीक्षक मूठ उतरवून पातं बघतात. फी एका वस्तूला ६,३०० येन. पात्र ठरली तर तोरोकुशो मिळतो. अपात्र ठरलेली तलवार घरी ठेवता येत नाही.

तपासणीच्या आधी पातं घासून चकचकीत करण्याचा मोह आवरा. मुठीत बसणारा पात्याचा शेपटा, म्हणजे नाकागो, याच्यावरचा काळसर गंज हाच वयाचा पुरावा असतो. तो खरवडला की पारखीला आधार राहत नाही, आणि कुठलाही कारागीर तो परत आणू शकत नाही. माझ्या मते या छंदातलं सगळ्यात मोठं नुकसान याच एका हौसेने होतं.

कार्ड हरवलं तर नवं मिळतं. मंडळाकडे अर्ज, प्रत्यक्ष तपासणी आणि ३,५०० येन.

चिलखत

चिलखताला आणि शिरस्त्राणाला नोंदणी लागत नाही. पण चिलखताच्या पेटीबरोबर तलवार, भाल्याचं पातं किंवा तोड्याची बंदूक आली, तर त्या प्रत्येकीचा स्वतंत्र तोरोकुशो हवा. जुन्या तोड्याच्या बंदुकाही याच नोंदणीत येतात. चिलखत म्हणजे लाख, लोखंड, चामडं आणि रेशमी दोऱ्यांची वीण. उन्हाने रेशीम विटतं, कोरड्या हवेत लाख तडकते. खिडकीसमोर मांडू नका.

जपानबाहेर न्यायची तर

यासाठी जपानच्या सांस्कृतिक कार्य संस्थेकडून, म्हणजे बुन्काचोकडून, जुन्या कलावस्तूच्या निर्यातीचा दाखला लागतो. अर्जासोबत मूळ तोरोकुशो आणि फोटो द्यायचे: मूठ उतरवलेलं पूर्ण पातं आणि नाकागोच्या दोन्ही बाजू, सही वाचता येईल अशा. फी नाही. दाखला मिळतो तेव्हा तोरोकुशो परत घेतला जातो. म्हणजे त्या क्षणापासून ती तलवार जपानमध्ये नोंदणीविना असते. विमानाचं तिकीट आणि भारतातली परवानगी हातात असल्याशिवाय हा अर्ज करू नका. आठवड्याभरासाठी आलेल्या पर्यटकाने तर दुकानदारालाच अर्ज करायला सांगून तलवार त्याच्याकडे ठेवावी. दाखला यायला काही आठवडे लागतात.

राष्ट्रीय ठेवा आणि महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ती ठरलेल्या तलवारी देशाबाहेर नेऊन विकता येत नाहीत. १९३३च्या कायद्याने 'जुयो बिजुत्सुहिन' ठरलेल्या वस्तूंनाही वेगळी परवानगी लागते. इथे नावांचा घोळ होतो. जतन संस्थेची 'जुयो' ही पारखीची पायरी आहे, सरकारी दर्जा नाही. अशी तलवार बाहेर जाऊ शकते. चिलखतासाठीही बुन्काचोचा दाखला काढून घ्या, विमानतळावरचे प्रश्न कमी होतात. मुठीच्या सजावटीत किंवा पेटीवर हस्तिदंत, कासवाचं कवच असेल तर वन्यजीव व्यापाराचे नियमही लागू होतात.

भारतात उतरताना

जपानचा दाखला भारतीय कस्टममध्ये परवाना ठरत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९च्या कलम १०नुसार शस्त्र आयात करायला परवाना लागतो, आणि शस्त्र नियम, २०१६मध्ये ९ इंचांहून लांब पात्याची तलवार 'बंदुकीखेरीज इतर शस्त्रं' या वर्गात येते. कलम ४५मध्ये पुरातन शस्त्रांबद्दल सवलत आहे, पण वस्तू त्या सवलतीत बसते हे कस्टमच्या टेबलाशी उभं राहून पटवण्याची वेळ स्वतःवर आणू नका. मुंबई किंवा पुण्याच्या विमानतळावर उतरण्यापूर्वी कस्टमकडून लेखी उत्तर घ्या, एअरलाइनला कळवा, आणि तलवार चेक-इन सामानातच ठेवा.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. पुरावस्तू आणि कलाकृती अधिनियम, १९७२नुसार १०० वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. एदो काळातली (१६०३ ते १८६८) तलवार एकदा पुण्याच्या घरी आली, की पॉलिशसाठी तिला परत जपानला पाठवण्याचा रस्ता बंद होऊ शकतो. दमट कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी याचा दोनदा विचार करावा, कारण पॉलिश करणारा खरा कारागीर तिकडेच आहे.

फक्त बघायची आणि फोटो काढायची असेल तर

यासाठी कुठलाच परवाना नको, आणि सुरुवात इथूनच करावी असं मी प्रत्येकाला सांगतो. उएनोच्या टोकियो राष्ट्रीय संग्रहालयात तलवारी आणि चिलखतांची कायम दालनं आहेत, फक्त मांडलेल्या वस्तू बदलत राहतात. तिथे स्वतःसाठी फोटो काढता येतात. फ्लॅश आणि ट्रायपॉड चालत नाही. दुसऱ्यांकडून मांडायला आणलेल्या वस्तूंजवळ मनाईची खूण असते, ती पाळा. जतन संस्थेचं तलवार संग्रहालय २०१८पासून टोकियोतल्याच र्‍योगोकूत आहे. ओकायामा प्रीफेक्चरमधल्या ओसाफुनेला बिझेन या जुन्या प्रांतातल्या कारागिरांच्या परंपरेची पाती बघायला मिळतात. तिथल्या सेतोउची शहराने २०२० साली 'सानचोमो' ही राष्ट्रीय ठेवा असलेली तलवार लोकवर्गणीच्या जोरावर ५० कोटी येनना घेतली. चिलखतांसाठी एहिमेतल्या ओमिशिमा बेटावरचं ओयामाझुमी देवस्थान.

लेखात किंवा पुस्तकात चित्र छापायचं असेल तर स्वतःचा फोटो वापरण्याआधी त्या संग्रहालयाचे नियम विचारा. राष्ट्रीय संग्रहालयांच्या कित्येक वस्तूंची उत्तम चित्रं 'कोलबेस' या संकेतस्थळावर श्रेय देऊन मोफत वापरता येतात.

घरच्या तलवारीचा फोटो काढताना खोलीतले सगळे दिवे बंद करून एकच दिवा बाजूने, तिरका धरा आणि मागे काळं कापड ठेवा. तेव्हाच 'हामोन' दिसतो: पात्याला मातीचा लेप देऊन पाणी दिलं, तेव्हा धारेलगत उमटलेली ती धुरकट रेघ. आपण पाणीदार तलवार म्हणतो, तिथलं ते पाणी डोळ्यांना दिसतं. हातातली अंगठी आणि घड्याळ आधी काढा. पात्यावर ओणवं होऊन बोलू नका, थुंकीच्या कणानेही डाग पडतो. खंडेनवमीला हळदकुंकू वाहायचं असेल तर ते पेटीला वाहा. पात्याला ओलं बोटही लावू नका, आणि पूजेनंतर लवंगेच्या वासाच्या 'चोजी' तेलाचा पातळ हात फिरवून ते म्यानात ठेवा.